खत आपसूक होतं, तुम्ही फक्त पाला साठवा

घरच्या खताबद्दल वाचक जे विचारतात, त्यात एकच कहाणी वेगवेगळ्या शब्दांत पुन्हापुन्हा भेटते. हौसेने डबा आणला, कल्चरची पुडी आणली, आठवडाभर रोज ढवळलं. मग वास यायला लागला, अळ्या वळवळल्या, घरच्यांनी डोळे वटारले आणि डबा जिन्याखाली जाऊन बसला. त्यानंतर प्रश्न येतात: ढवळायला कमी पडलो का? कल्चर चुकीचं होतं का? गांडुळं आणायला हवी होती का?

बहुतेक वेळा या तिन्हीचं उत्तर ‘नाही’ असं असतं. कमी पडला तो कोरडा पाला. बाकी जे केलंत त्यातलं बरंचसं केलं नसतं तरी चाललं असतं. देठं, सालं आणि पानं कुजायला माणसाची परवानगी लागत नाही. ती कुजताना वास येऊ नये आणि घरात कुरकुर होऊ नये, एवढीच आपली जबाबदारी. ती कमीत कमी श्रमात कशी पार पाडायची, ते पुढे सांगतो.

आधी ठरवा: तुम्हाला घाई आहे का?

खताचे दोन रस्ते आहेत. कचरा बारीक चिरून, प्रमाणात मिसळून, ओल सांभाळून आणि वरचेवर उलथापालथ करत राहिलात तर दीड-दोन महिन्यांत खत हाती येतं. यातलं काहीच केलं नाही तर तीन ते सहा महिने लागतात. आळसाची किंमत एवढीच. कुंड्यांना खताची घाई नसते, तेव्हा बहुतेकांनी दुसरा रस्ता धरायला हरकत नाही. रोज क्विंटलभर ओला कचरा निघणाऱ्या सोसायटीने मात्र हा लेख वाचून आपला प्रकल्प चालवू नये. तिथे माणूस नेमावाच लागतो.

न ढवळता खत होतं का, अशी शंका येईल. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला बसवलेल्या पद्धतीत ढीग ठरावीक दिवसांनी उलथायचा असे. पण आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी रूढ केलेली नाडेप पद्धत न उलथण्यावरच उभी आहे. साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असा विटांचा हौद बांधायचा. हवा खेळावी म्हणून भिंतींत जागोजागी भोकं ठेवायची. काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर भरून वरून लिंपून टाकायचं आणि तीन-चार महिने तिकडे फिरकायचं नाही. वरचेवर हलवून हवा देण्याऐवजी हवा येईल अशी भांड्याची रचना करायची, ही त्यातली युक्ती. गॅलरीतल्या बादलीलाही ती तितकीच लागू पडते.

एक तोटा आधीच सांगून ठेवतो. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी तीन फूट असल्याशिवाय ढीग नीट तापत नाही. घरचा डबा कोमटच राहतो, त्यामुळे तणाचं बी आणि रोगट झाडाचा रोग त्यात मरत नाही. म्हणून बी धरलेलं गाजरगवत, भुरी आलेला भोपळ्याचा वेल किंवा मुळं सडून मेलेलं टोमॅटोचं रोप डब्यात घालू नका. खत कुंडीत घातल्यावर टोमॅटो, मिरची, पपई आपसूक उगवतील. तो मला तरी तोटा वाटत नाही. खतात उगवलेला भोपळा पिशवीतल्या बियांपेक्षा जोमाने वाढलेला अनेकदा पाहिला आहे.

पाला: यातच सगळं आलं

भाजीच्या देठासालांत बहुतांश पाणीच असतं. ती एकावर एक बसली की मधली हवा निघून जाते आणि कुजण्याऐवजी सडणं सुरू होतं. वास सडण्याचा असतो. कोरडा पाला मधे मोकळी जागा राखतो आणि सुटलेलं पाणी पिऊन घेतो. घरचं खत करायला एवढा सिद्धांत पुरतो.

प्रमाण सोपं ठेवा. एक वाटी ओल्या कचऱ्याला दोन वाट्या पाला, पावसाळ्यात तीन. वजन करू नका, वाटी हे मापच आहे. रोज तेही मोजायचा कंटाळा आला तर एकच खूण पाळा: झाकण उघडल्यावर भाजीचं साल दिसता कामा नये, वर फक्त पाला दिसला पाहिजे.

ओला कचरा रोज आपसूक तयार होतो. पाला मात्र वर्षातून एकदा पडतो आणि तेव्हाच गोळा करावा लागतो. शिशिरातल्या पानगळीपासून चैत्रापर्यंत रस्तोरस्ती पिंपळ, वड, बदाम आणि रेन ट्री यांच्या पानांचे ढीग लागतात. सोसायटीच्या माळ्याला किंवा झाडलोट करणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवलंत तर भरलेली गोणी दारात येते. पाला उचलून न्यायला कुणीतरी तयार आहे, याचाच त्यांना आनंद असतो. कोकणात पातेरा परसातच पडलेला असतो, पण तोही पहिल्या पावसाआधी उचलून पडवीत किंवा मांगरात टाकायला हवा. एकदा भिजला की तो कोरडा पाला म्हणून कामाचा राहत नाही.

चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण एक गोणी दाबून भरलेला पाला लागतो. वर्षाच्या सगळ्या गोण्या ठेवायला फ्लॅटमध्ये जागा नसते, हे मला ठाऊक आहे. निदान जून ते सप्टेंबरच्या चार गोण्या तरी ठेवाच. पाय देऊन चुरलेला पाला निम्म्या जागेत मावतो आणि कुजतोही लवकर.

सगळी पानं सारखी नसतात.

- रेन ट्री, गुलमोहर, सुबाभूळ यांची बारीक पानं सगळ्यात सोयीची. चुरावी लागत नाहीत, झटपट कुजतात.
- पिंपळ, बदाम, कडुनिंब चांगले. बदामाची पानं मोठी असतात, हाताने चुरून घ्या.
- आंबा, फणस, साग, बांबू यांची पानं चिवट. चालतात, पण चाळताना शेवटी तीच उरलेली दिसतील.
- निलगिरी आणि सुरू फार हळू कुजतात. दुसरं काही मिळत असेल तर ती सोडा.

पाला मिळतच नसेल तर कोकोपीटची वीट, नारळाच्या शेंड्या, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे, उन्हात खडखडीत वाळवलेली उसाची चिपाडं यांतलं काहीही चालतं. चिपाडं ओली घालू नका, गोडाने मुंग्या आणि गांधीलमाश्या येतात. सुताराकडचा भुसा साध्या लाकडाचा असेल तरच घ्या. प्लायवूडच्या भुश्यात चिकटवण्याची रसायनं असतात. चकचकीत मासिकांचा कागद रद्दीत द्या.

डबा कोणताही, भोकं हवीत

बाजारातले मातीचे तीन मजली कुंभ दिसायला छान असतात आणि कामही देतात, पण तेच हवेत असं नाही. रंगाची २० लिटरची रिकामी बादली, गळका ड्रम, जुना माठ किंवा आतून शेडनेट लावलेला भाजीचा क्रेट, काहीही घ्या. बादलीला तळाशी आठ-दहा आणि बाजूंनी सगळीकडे बोटभर अंतरावर भोकं पाडा. गरम केलेल्या खिळ्याने ती सहज पडतात. आतून मच्छरदाणीचा तुकडा लावला तर माशांचा उपद्रव बराच कमी होतो. भांडं विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा लागेल आणि फरशीवर डाग पडणार नाही.

एक गोष्ट मात्र टाळू नका: डबे निदान दोन हवेत. एक भरायचा, दुसरा भरून बाजूला ठेवायचा. एकाच डब्यावर काम भागवणाऱ्यांची गाडी इथेच अडते. तळाला खत झालेलं असतं, वर कालचं दोडक्याचं साल असतं आणि काढायचं काय, हे कळत नाही. चार माणसांच्या घरी २० लिटरची बादली महिन्याभरात भरते. खाली बसत जाते म्हणून कधी थोडी जास्तही पुरते. दोन बादल्या कमी पडल्या तर तिसरी, चौथीही घ्या.

रोजचं काम

1. बादलीच्या तळाला चार बोटं पाला घाला. त्यावर जुन्या खताची किंवा झाडाखालच्या मातीची एक-दोन ओंजळी. हेच तुमचं कल्चर.
2. स्वयंपाकघरातला ओला कचरा जाळीच्या भांड्यात ठेवा, म्हणजे पाणी निथळेल. दिवसातून एकदा, आणि कंटाळा आला तर दोन दिवसांतून एकदा, तो बादलीत टाका.
3. वर दुप्पट पाला. झाकण.

संपलं. आठवड्या-पंधरवड्यातून काठीने एक-दोन ठिकाणी खोचून थोडं सैल केलंत तर उत्तम, विसरलात तरी बिघडत नाही. बादली भरली की वर पाल्याचा जाड थर द्या, झाकणावर खडूने तारीख लिहा आणि दुसरी बादली सुरू करा.

विकतचं कल्चर, आंबट ताक, गुळाचं पाणी, शेणकाला यांपैकी काहीही घातलं तरी चालतं. त्याने सुरुवात थोडी लवकर होते. पण कमी पडलेल्या पाल्याची भरपाई कुठलंच कल्चर करत नाही. पुडीवर पैसे घालवण्याआधी गोणी तपासा.

गांडुळांचंही तसंच. ती पाळावी लागतात. त्यांना सावली लागते, सतत ओल लागते, खाणं बेताने द्यावं लागतं आणि नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात गच्चीवरच्या डब्यात ती मरतात. आवड असेल तर जरूर पाळा. पण साध्या खतासाठी ती अट नाही. जमिनीवर ठेवलेल्या बिनबुडाच्या ड्रममध्ये पावसाळ्यात ती न बोलावता येतात.

काय घालायचं, काय नाही

भाजी-फळांची सालं, देठं, निवडलेल्या पालेभाजीच्या काड्या, शिळी पोळी हे सगळं बिनधास्त घाला. शंका येते ती पुढच्या गोष्टींबद्दल:

- लिंबू-संत्र्याची सालं: चालतात. हळू कुजतात इतकंच. मोसंबीचा रस रोज निघत असेल तर सालं थोडी वाळवून घाला.
- कांदा-लसणाची टरफलं: चालतात. गांडुळांना आवडत नाहीत, पण तुम्ही गांडुळं पाळलेलीच नाहीत.
- चहाचा चोथा: दूध-साखरेचा असेल तर एकदा धुऊन घ्या, नाहीतर मुंग्या. चहाच्या काही पिशव्यांत प्लास्टिकचे धागे असतात, म्हणून पिशवी फाडून आतली पूडच घ्या.
- अंड्याची टरफलं: चुरून घाला. वर्षभराने ओळखू येतील, पण त्रास काही नाही.
- शिजवलेलं उरलंसुरलं अन्न: मूठभर आमटी-भात चालतो, त्यावर पाला दुप्पट. तेलाचा तवंग असलेली भाजी आणि लोणचं नको.
- आंब्याच्या कोयी, मक्याची कणसं, नारळाच्या करवंट्या: कोयी आणि कणसं दोन-तीन फेऱ्या टिकतात. मे महिन्यात आमच्यासारख्या घरांत कोयीच कोयी होतात, त्या परसात पुरलेल्या बऱ्या. करवंटी कुजतच नाही असं धरून चाला आणि कुंडीच्या तळाला घाला.
- निर्माल्य: फुलं, दूर्वा, पत्री, बेल उत्तम. हाराचा दोरा, जरी, प्लास्टिकचे मणी काढा. गणपती आणि दसऱ्यानंतर झेंडूचा ढीग एकदम डब्यात ओतू नका. उन्हात पसरून वाळवा, मग तोच कोरडा पाला म्हणून पुढे महिनाभर वापरता येतो.
- मासळी, मटण, हाडं: गॅलरीतल्या डब्यात नको. परस असेल तर हातभर खोल पुरा, वर दगड ठेवा.
- कुत्र्या-मांजरांची विष्ठा, डायपर, सॅनिटरी पॅड: अजिबात नाही. कुंडीत भाजी पिकवत असाल तर विशेष करून.
- ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या पिशव्या: बहुतेक पिशव्यांना कारखान्यातल्या ढिगाची उष्णता लागते. घरच्या कोमट डब्यात त्या जशाच्या तशा निघतात.

बिघडलं तर

वास येतो. ओल जास्त, पाला कमी. काठीने सैल करा, भरपूर पाला मिसळा, दोन-तीन दिवस ओलं काही घालू नका. वास जातो. मूठ घट्ट दाबल्यावर पाणी गळलं तर ओल जास्त, बोटं नुसती दमट झाली तर बरोबर, मूठ उघडताच भुगा झाला तर कमी.

अळ्या झाल्या. सगळ्यात जास्त डबे याच कारणाने बंद पडतात, म्हणून थोडं सविस्तर. ओल्या कचऱ्यात दिसणाऱ्या, चपट्या, वळ्यावळ्यांच्या, मळकट पांढऱ्या ते तपकिरी अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. ही माशी चावत नाही, घरातल्या ताटावर घोंगावत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने फस्त करतात. म्हणजे त्या तुमचंच काम करत असतात. पाहवत नसेल तर पाल्याचा थर वाढवा. वरची ओल गेली की त्या खाली जातात आणि काम संपलं की निघून जातात. चवड्याने ठेचणं, फिनेल ओतणं, औषध मारणं यातलं काही करू नका. औषध मारलेलं खत मग कोथिंबिरीला घालायचं कसं?

तयार होत आलेल्या खतात मात्र इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, गुबगुबीत, तपकिरी डोक्याची अळी दिसली तर ती हुमणी असू शकते. ती कुंडीत गेली तर मुळं खाते. खत चाळताना अशा अळ्या वेचून बाहेर टाका, साळुंक्या-कावळे पुढचं बघून घेतात. कोकणात आणि गोव्यात नारळाला उपद्रव देणारा गेंडा भुंगा शेणखताच्या आणि कुजलेल्या ढिगातच अंडी घालतो. माडाच्या बागेशेजारी उघडा ढीग असेल तर त्यातल्या बोटाएवढ्या जाड अळ्या पावसाळ्याआधी वेचून काढणं हे आळशी माणसानेही टाळू नये.

चिलटं. फळांची सालं उघडी राहिली. पाल्याने झाका. केळीची सालं तर लगेच.

मुंग्या. डबा कोरडा पडला. तांब्याभर पाणी शिंपडा.

काहीच होत नाही, पाला तसाच आहे. हेही कोरडेपणामुळेच. एप्रिल-मे महिन्यात घाटावर आणि विदर्भात हे हमखास होतं. आठवड्यातून एकदा तांदूळ धुतलेलं पाणी टाका.

उंदीर-घुशी. शिजवलेलं अन्न बंद करा. जमिनीवरच्या ड्रमखाली बारीक तारेची जाळी घाला.

खालून काळं पाणी गळतं. पाला पुरेसा असेल तर गळतच नाही. गळलंच तर ते ‘टॉनिक’ म्हणून कुंडीत ओतू नका. दहा-वीस पट पाणी घालून फुलझाडांना द्या, दुर्गंधी असेल तर सरळ फेकून द्या. आणि डब्याखाली ठेवलेली ताटली दर आठवड्याला रिकामी करून घासा. साचलेल्या पाण्यात डेंगीचे डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि तपासणीत अळ्या सापडल्या तर महापालिकेची नोटीस खताच्या कौतुकाने मागे घेतली जात नाही.

डबासुद्धा नको असेल तर

ज्यांच्याकडे अंगण किंवा परस आहे त्यांनी डब्याच्या भानगडीत पडूच नये, असं माझं मत आहे.

- केळीचं आळं: दोन-तीन हात रुंद, हातभर खोल खड्डा, कडेने केळी. पालापाचोळा, भाजीची देठं, तोडलेली केळीची पानं आणि खुंट सगळं त्यात. केळीला खाऊ घालावं तितकं कमीच. कोकणातल्या कित्येक घरांत मोरीचं पाणीही पिढ्यानपिढ्या केळीलाच सोडतात. आळं काठोकाठ भरलं तरी दोन महिन्यांत अर्ध्यावर येतं.
- चर: वाफ्यांच्या मधे वीतभर खोल चर. रोजचा कचरा टाकायचा, मातीने झाकायचं, पुढे सरकायचं. पुढच्या हंगामात त्याच जागी वाफा.
- पाल्याचीच गोणी: नुसता पाला गोणीत भरून भिजवायचा, तोंड बांधायचं आणि सावलीत टाकून द्यायचं. सहा महिने ते वर्षभरात काळसर, भुसभुशीत, हलकी पानमाती होते. बी पेरायला आणि कुंडीची माती सैल करायला यासारखं काही नाही. यात वास, माशी, अळी काहीच नसल्याने ज्यांच्या घरात विरोध आहे त्यांनी सुरुवात इथून करावी.
- कुंडीतच: मोठ्या रिकाम्या कुंडीत माती, कचरा, पाला असे थर देत ती भरायची, दोन-तीन महिने तशीच ठेवायची आणि मग तिच्यातच रोप लावायचं. खत काढायचं नाही, चाळायचं नाही. फक्त वरचे चार बोटं मातीचे ठेवा.

शेजारी, सोसायटी आणि नियम

तुमच्या घरात आणि गॅलरीत खत करायला सहसा कुणाची परवानगी लागत नाही. पण वास आणि खालच्या मजल्यावर गळणारं पाणी यांबद्दल शेजारी तक्रार करू शकतो आणि ती तक्रार रास्त असते. गच्ची, जिना, पार्किंग या सामाईक जागा. तिथे डबा ठेवायचा तर समितीला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. अर्जात जागा, डब्यांची संख्या आणि जबाबदार कोण हे लिहिलं की निम्मे आक्षेप तिथेच मिटतात. ओल्या खताने भरलेला ५० लिटरचा ड्रम तीस-पस्तीस किलोंपर्यंत जातो. गच्चीवर असे बरेच ठेवायचे असतील तर ते भिंतीच्या कडेने, विटांवर ठेवा. वॉटरप्रूफिंगवर थेट ठेवू नका.

नियमांबद्दल गैरसमज बरेच आहेत.

- कचरा घरातच वेगळा करणं २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी प्रत्येक घराला बंधनकारक केलं. घरी खत करणं मात्र एकट्या घराला ऐच्छिक आहे. तुम्ही खत करत नसाल तरी वेगळा केलेला ओला कचरा नेला जाणं हा तुमचा हक्क आहे.
- त्याच नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. मुंबई महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संकुलांकडे हाच आग्रह धरला. तुमची सोसायटी अशी मोठी असेल तर तुमच्या बादलीने समितीचा भारच हलका होतो. परवानगी मागताना हा मुद्दा जरूर वापरा.
- घरी खत केलं म्हणून कचरा उचलण्याचं शुल्क आपोआप माफ होत नाही. सुका कचरा तर नेला जातोच.
- पुणे महापालिका गांडूळखत, पर्जन्यजल संकलन, सौरऊर्जा अशा प्रकल्पांसाठी मिळकतकरात सवलत देते: एका प्रकल्पाला ५ टक्के, दोन किंवा अधिक असल्यास १० टक्के. प्रकल्प चालू असावा लागतो. नुसता हौद बांधून त्यात झाडू ठेवणाऱ्या सोसायट्यांच्या सवलती तपासणीनंतर गेल्या आहेत. इतर शहरांतल्या वाचकांनी आपल्या मिळकतकर विभागात चौकशी करावी.
- पाला जाळणं बेकायदा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. आवारात पाला पेटवला जात असेल तर तक्रार करण्याआधी एकदा गोण्या घेऊन जा. बहुतेक वेळा जाळणाऱ्याला दुसरी सोय नसते.

झालं का, आणि किती घालायचं?

बंद केलेल्या बादलीत तीन महिन्यांनी डोकावा. रंग गडद तपकिरी, वास पहिल्या पावसातल्या मातीचा, आणि घातलेल्यातलं काही ओळखू येत नाही, म्हणजे झालं. शंका असेल तर ओलसर मूठभर खत पिशवीत बांधून दोन-तीन दिवस ठेवा. उघडल्यावर घाण वास आला तर अजून महिनाभर राहू द्या. दुसरी परीक्षा मेथीची. थोड्या खतात तितकीच माती मिसळून दाणे पेरा. नेहमीसारखे उगवले तर खत तयार. उगवलेच नाहीत किंवा पिवळे पडून माना टाकल्या तर ते कच्चं आहे. कच्चं खत मुळांना त्रास देतं, म्हणून इथे मात्र घाई नको.

चाळायचं असेल तर वाळूची चाळण घ्या. वर उरलेल्या काड्या आणि आंब्याची पानं नव्या बादलीच्या तळाला जातात. खत कोरडं असेल तर चाळण्याआधी पाणी शिंपडा आणि तोंडावर मास्क लावा, त्यात बुरशीची धूळ असते. दम्याच्या रुग्णांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

नवी कुंडी भरताना चार भागांत एक भाग खत पुरे, भाजीला तीन भागांत एक. लावलेल्या कुंडीत महिन्याला दोन मुठी वरून पसरा आणि माती ओढा. नुसत्या खतात रोप लावू नका. ते खाली बसत जातं आणि दोन महिन्यांत मुळं उघडी पडतात. कोरफड, निवडुंग यांना खत जवळपास नकोच.

गावाला जायचं असेल तर

हा प्रश्न मे महिन्यात आणि गणपतीत हमखास येतो. निघण्याच्या दिवशी शेवटचा कचरा घाला, वर नेहमीपेक्षा दुप्पट पाला द्या, उन्हाळा असेल तर तांब्याभर पाणी शिंपडून डबा सावलीत सरकवा, पावसाळा असेल तर झाकण नीट बसलंय ना आणि वरून पागोळी पडत नाही ना एवढं बघा. खालची ताटली रिकामी करून पालथी घाला. महिनाभर कुणाला किल्ली देऊन ठेवायची गरज नाही. परत आलात की डबा निम्मा झालेला असेल, तिथून पुढे भरायला सुरुवात करा.